यारांगने पाडलेलं घर

ही गोष्ट तेव्हाची आहे, जेव्हा त्या खोऱ्यात लोखंडाचा एक खिळासुद्धा पोचला नव्हता. घर वेताने बांधायचं, वेताच्याच जोरावर ते उभं राहायचं. किती वर्षं झाली ते कुणी मोजलेलं नाही. तिथले म्हातारे सांगतात की त्यांच्या आजोबांच्या आजोबांनीही ही गोष्ट ऐकलेलीच होती, पाहिलेली नव्हती.

खोऱ्याचं नाव झिरो. आपल्या देशात सूर्य जिकडे सगळ्यात आधी दिसतो तिकडे, अरुणाचलच्या डोंगरांत, वाडग्याच्या तळासारखी ही सपाट जमीन आहे. तिथे आपातानी लोक राहतात. सपाट जमीन थोडी, आणि ती त्यांनी भातासाठी राखलेली. खाचरातल्या पाण्यात मासे सोडायचे, बांधावर नाचणी लावायची आणि माणसांनी मात्र दाटीवाटीने राहायचं. म्हणून तिथली घरं एकमेकांना खेटून उभी असतात. घर म्हणजे पाइनच्या खांबांवर जमिनीपासून उचललेलं, लांबच लांब. खाली डुकरं आणि कोंबड्या, वर बांबूची जमीन, बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, भाताच्या पेंढ्याचं छप्पर. पुढे एक ओटा, मागे एक ओटा, आणि आत एकामागे एक दोन चुली. शेजारणीला वाटीभर कालवण द्यायचं तर ओट्यावरून नुसता हात लांब करायचा.

अशा गावाला भीती कशाची? आगीची. एक घर पेटलं की वारा बाकीची घरं पेटवणार. म्हणून धान्याची कोठारं त्यांनी गावाबाहेर बांधली. घरं गेली तरी भात उरावा, एवढाच हिशेब.

त्या खोऱ्यात बिरिंग नावाचं एक गाव होतं. गावात दोन आळ्या, वरची आणि खालची. एकाच रांगेत, मध्ये एका घराएवढी जागा सोडून. त्या मधल्या जागेत दोन्हीकडची माणसं उन्हाला बसायची. दोन्हीकडच्या मुली दोन्हीकडे दिल्या जायच्या. तशीच वरच्या आळीतली यारांग खालच्या आळीत ताजोच्या घरी नांदायला आली. उंच नव्हती, फार बोलकी नव्हती. पण एकदा एखादी गोष्ट करायची म्हटली की ती करूनच उठायची. तिची आई म्हणे, "ही पोटात होती तेव्हासुद्धा हिने ठरवल्या दिवशीच बाहेर पाऊल टाकलं."

ताजो आणि यारांग ताजोच्या थोरल्या भावाच्या घरात, मागच्या ओट्यालगतच्या कोपऱ्यात राहत. स्वतःचं घर नव्हतं. पण डोंगराच्या उतारावर ताजोने पाइनची रोपं लावली होती. तो तिला तिथे घेऊन जायचा. एकेका रोपाभोवतीचं गवत काढायचा आणि म्हणायचा, "हा आपला पुढच्या ओट्याचा खांब. हा चुलीजवळचा. आणि हा बघ, वाकडा वाढतोय, ह्याला दाराशी लावू, येणारा-जाणारा धरेल त्याला." रोपं तेव्हा तिच्या गुडघ्याएवढी होती.

पुढे बऱ्याच वर्षांनी दोन्ही आळ्यांत वाकडं आलं. झालं असं की खालच्या आळीचा म्होरक्या कोजिंग, त्याचा एक मिथुन, म्हणजे तिकडचा गव्यासारखा पाळीव बैल, वरच्या आळीच्या म्होरक्याचं, लोदेरचं कुंपण मोडून भाजीच्या वाफ्यात शिरला. लोदेरने तो भाल्याने मारला. कोजिंगने भरपाई मागितली नाही. तो आपला दुसरा धडधाकट मिथुन घेऊन मधल्या जागेत आला आणि लोदेरच्या डोळ्यांसमोर त्याने तो स्वतःच मारला. म्हणजे काय, तर माझ्याकडे एवढं आहे की मी ते उधळू शकतो, आता तू दाखव. लोदेरने दाखवलं. त्याने दोन मारले. मग कोजिंगने आणखी. असे दोघेही आपापलेच कळप संपवत गेले, आणि शेवटी मारायला काही उरलं नाही तेव्हा दोघांनी शपथा घेतल्या. वरच्याने खाली पाऊल टाकायचं नाही. खालच्याने वर टाकायचं नाही. मधल्या जागेत गवत वाढलं.

त्यातच ताजो मिठासाठी खालच्या गरम मुलखात गेला आणि ताप घेऊन परत आला. तो त्यातून उठला नाही.

यारांगला मूलबाळ नव्हतं. दिराच्या घरात तिला कुणी घालवून दिलं नाही, पण कुणी थांबही म्हटलं नाही. आणि तिकडे वरच्या आळीत, मधल्या जागेला लागून असलेल्या शेवटच्या घरात, तिची आई एकटी राहत होती. म्हातारीची दृष्टी गेली होती. शेजारी तिला भात देत, पण तिच्या चुलीत फुंकर घालायला कुणी नव्हतं. संध्याकाळ झाली की म्हातारी ओट्यावर येऊन बसे आणि हाक मारी, "यारांग, जेवलीस का?" आणि मधलं गवत ओलांडून इकडून उत्तर जाई, "जेवले, आने." आपातानी बोलीत आईला आने म्हणतात. एवढंच बोलणं व्हायचं. असं म्हणतात की त्या वेळी दोन्ही आळ्यांमधल्या बायका हातातलं काम थांबवायच्या.

एका हिवाळ्यात म्हातारीची हाक आली नाही. खोकलाच ऐकू आला. यारांग उठली आणि कोजिंगच्या ओट्याशी गेली.

"आबा, मला आईकडे जायचंय."

कोजिंग वेत सोलत होता. "जा. पण गेलीस तर परत इकडे यायचं नाही."

ती मधल्या जागेच्या कडेला गेली आणि तिथूनच तिने लोदेरला हाक मारली. "आबा, मला आईकडे येऊ द्या."

लोदेर म्हणाला, "तू आता खालची. खालच्याचं पाऊल इथे नको."

यारांगने पुढच्या गवताकडे पाहिलं. मग तिने विचारलं, "ही मधली जागा तुमची का?"

"ही?" लोदेर म्हणाला, "हिच्याकडे मी बघतसुद्धा नाही."

ती परत कोजिंगकडे आली. "आबा, ती मधली जागा तुमची का?"

"थुंकतो मी तिच्यावर," कोजिंग म्हणाला.

"बरं," यारांग म्हणाली. "मग तिथे मी घर बांधते."

दोन्ही आळ्या हसल्या. त्या खोऱ्यात घर कुणी एकट्याने बांधत नाही. घर बांधायचं तर सगळं कूळ येतं. पुरुष खांब पुरतात, पोरं वेत सोलतात, बायका तांदळाची बियर गाळतात, आणि सकाळी उघडी असलेली जमीन सांजेला घर होऊन उभी असते. एकट्या बाईने घर बांधल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. कोजिंगने आणि लोदेरने आपापल्या आळीला बजावलं की हिच्या कामाला कुणी हात लावायचा नाही. इतक्या दिवसांत त्या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं, ते हे.

यारांग कोयता घेऊन उतारावर गेली. ताजोची झाडं आता वाढली होती. तिने ती तोडली, साल काढली. पण ओंडके गावापर्यंत आणणार कसे? पाइनचा ओला ओंडका उचलायला पुरुष लागतात, आणि तेही चार-पाच. असं म्हणतात की तिने पहिल्या ओंडक्यावर तळहात ठेवला आणि म्हणाली, "चल, ताजो." आणि ओंडका हलका झाला. एवढा हलका, की तिने तो खांद्यावर घेतला आणि बांधाबांधाने चालत आली, आणि खाचरातल्या पाण्यात लोकांना तिची सावली दिसली तेव्हा त्या सावलीत एक नाही, दोन माणसं ओंडका वाहत होती.

खांब आले, पण बांबू? ताजोचं बांबूचं बेट दिराकडे होतं आणि दीर कोजिंगला घाबरून होता. यारांग रोज पहाटे उठून मधल्या जागेत जायची, आणि तिथे धुक्यात बांबूची मोळी पडलेली असायची. कधी पेंढ्याचा भारा, कधी सोलून गुंडाळलेला वेत. खालचे म्हणायचे, वरच्यांनी टाकला असेल. वरचे म्हणायचे, खालच्यांनी. विचारलं की सगळ्या बायका मान हलवायच्या. शेवटी गावाने ठरवलं की बांबू आपले आपणच चालत येतात. आजही बिरिंगमध्ये तसंच सांगतात, आणि सांगताना बायका एकमेकींकडे बघून हसतात.

घर उभं राहिलं. तिचा एक ओटा वरच्या आळीच्या शेवटच्या ओट्याला टेकला आणि दुसरा खालच्या आळीच्या पहिल्या ओट्याला. त्या दिवशी यारांगने वरच्या बाजूच्या ओट्यावर उभं राहून हात पुढे केला. म्हातारी चाचपडत आपल्या ओट्याच्या कडेला आली.

"कुणाच्या घरात येऊ गं?" तिने विचारलं. "वरच्या की खालच्या?"

"माझ्या," यारांग म्हणाली.

म्हातारीने पाऊल टाकलं. खाली बांबू वाजले. ती आत आली, एकेका खांबाला हात लावत दोन्ही चुलींपर्यंत गेली, आणि दाराजवळच्या वाकड्या खांबाशी थांबून म्हणाली, "हा ताजोचा." तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मग हळूहळू माणसं येऊ लागली. वरच्या आळीतल्या बायका म्हातारीची विचारपूस करायला वरच्या ओट्यावरून यायच्या. खालच्या आळीतल्या यारांगशी बोलायला खालच्या ओट्यावरून यायच्या. कुणीच शपथ मोडत नव्हतं, कारण घर कुठल्याच आळीत नव्हतं. वरच्या एका चुलीशी बसत, खालच्या दुसऱ्या चुलीशी, पाठीला पाठ करून. एकदा म्हातारीने आपल्या लग्नाची गोष्ट सांगितली. वरातीत डुक्कर सुटलं होतं आणि नवरामुलगा त्याच्यामागे खाचरात पडला होता. दोन्ही चुलींशी एकदमच हसू फुटलं, आणि हसता हसता पाठी वळल्या. त्यानंतर चूल कुणाची कोणती ते कुणी पाहिलं नाही.

फक्त लोदेर आणि कोजिंग आले नाहीत. दोघेही आपापल्या ओट्यावर बसून त्या घराकडे पाहायचे. म्हणजे एकमेकांकडेच पाहायचे, पण मध्ये घर होतं म्हणून घराकडे पाहतोय असं म्हणता यायचं.

अशी काही वर्षं गेली.

त्या खोऱ्यात हिवाळा सरताना वारा सुटतो. पाऊस लांब असतो, पेंढा वाळून कडकडीत झालेला असतो, पाइनची पानं पायाखाली तेल लावल्यासारखी घसरतात. अशाच एका दुपारी, माणसं शेतात असताना, वरच्या आळीच्या दूरच्या टोकाला एका घराच्या चुलीतला निखारा वाऱ्याने उडवला आणि तो बांबूच्या फटीतून खालच्या सुक्या गवतात पडला. कुणाचा दोष नव्हता. चूल झाकलेली होती. पण वारा तसाच होता.

म्हातारीला ते आधी कळलं. ती सूत कातत बसली होती. तिने मान वर केली आणि म्हणाली, "यारांग, बांबू फुटतायत."

बांबू जळतो तेव्हा त्याची पेरं फुटतात आणि बार उडाल्यासारखा आवाज होतो. यारांग ओट्यावर आली. वरच्या आळीच्या टोकाला धूर होता आणि धुराखाली ज्वाळा होत्या, आणि वारा तिकडून इकडे होता. एक छप्पर गेलं. दुसरं पेटलं. शेतातून माणसं ओरडत पळत येत होती. बायका पोरांना काखेत मारून ओट्यांवरून उड्या टाकत होत्या. पाणी लांब, ओढ्यावर. बांबूच्या नळ्यांतून आणलेल्या पाण्याने त्या आगीची जीभसुद्धा ओली होत नव्हती.

यारांगने वरच्या आळीकडे पाहिलं, मग वळून खालच्या आळीकडे पाहिलं. खालच्या आळीत तेवढीच घरं होती, तेवढीच माणसं. आणि मध्ये एकेकाळी मोकळी जागा होती. आता तिथे तिचं घर होतं. सुक्या पेंढ्याचं, दोन्हीकडे टेकलेलं. आग तिच्याच ओट्यावरून चालत पलीकडे जाणार होती.

हे कळलं तशी ती आत गेली. म्हातारी उठून उभी राहिली होती.

"आने," यारांग म्हणाली, "आग आपल्याच घरावरून पलीकडे जाईल."

म्हातारीने तिचा चेहरा चाचपला. "मला बाहेर बसव," ती म्हणाली. "आणि मग कोयता घे. रडायचं ते नंतर दोघी मिळून रडू."

यारांगने आईला पाठीवर घेतलं, भाताच्या बांधावर नेऊन बसवलं आणि परत आली. तिने कोयता घेतला आणि आपल्याच घराचे वेत तोडायला सुरुवात केली. छपराचे तोडले, तट्ट्यांचे तोडले. लोकांना वाटलं हिला वेड लागलं. कुणीतरी ओरडलं, "यारांग, सामान काढ, सामान!" ती म्हणाली, "घरच काढतेय."

तेव्हा लोदेरला समजलं. त्याचं घर पेटायला आलं होतं. त्याच्या घरात त्याच्या बापाची वस्त्रं होती, घंटा होत्या, मिथुनांची शिंगं होती. तो आपल्या दाराकडे वळला. मग त्याने पुन्हा एकदा त्या बाईकडे पाहिलं, एकटीच छपरावर चढून पेंढा खाली लोटत होती ती. त्याने आपल्या दाराकडे पाठ केली आणि धावत यारांगच्या ओट्यावर चढला. आढ्याचं लाकूड जड होतं. त्याने एक टोक धरलं, पण एकट्याने ते हलेना.

दुसऱ्या टोकाला कुणीतरी येऊन उभं राहिलं. धुरात आधी दिसलं नाही कोण ते. तो कोजिंग होता.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वर्षानुवर्षं त्यांच्यात एक शब्द झाला नव्हता.

"उचल," कोजिंग म्हणाला.

लोदेरने उचललं. आढं खाली आलं. मग दोन्ही आळ्या धावल्या. कुणी तट्टे ओढले, कुणी पेंढा खाचराच्या पाण्यात फेकला, कुणी बांबूची जमीन उसकली. शेवटी खांब राहिले. खोल पुरलेले, पाइनचे, राळेने भरलेले. ते पेटले असते तर सगळं व्यर्थ होतं आणि उपटायला वेळ नव्हता. पुरुषांनी एक खांब धरून हलवला, तो तसूभरही सरकला नाही. धग आता तोंडावर येत होती.

यारांग पुढे झाली. तिने वाकड्या खांबावर तळहात ठेवला, मग कपाळ टेकलं. "ताजो," ती म्हणाली, "आता सोड."

आणि खांब निघाले. ओल्या मातीतून मुळा निघावा तसे निघाले. एकापाठोपाठ एक, असं म्हणतात, सगळे. लोकांनी ते उचलून पाण्यात टाकले.

आग वरच्या आळीच्या शेवटच्या घरापर्यंत आली. ते म्हातारीचं जुनं घर होतं. ते जळालं. ज्वाळा पुढे वाकली, उघड्या जमिनीवर तिने इकडेतिकडे तोंड घातलं. तिला खायला काही मिळालं नाही. ती तिथेच बसत गेली, आणि मग वाराही पडला.

वरची आळी राहिली नव्हती. माणसं सगळी वाचली होती, पण काळ्या खांबांपुढे ती नुसती उभी होती. पोरं रडायची थांबली होती. लोदेर मधल्या जागेत उभा होता. त्याच्या पुढ्यात खालची आळी जशीच्या तशी उभी होती, छपरांसकट, ओट्यांसकट. त्याला तिथे पाऊल टाकायचं नव्हतं, आणि मागे जायला जागा नव्हती.

कोजिंग त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. सगळं गाव पाहत होतं. कोजिंगने राखेने काळे झालेले आपले हात पाहिले, ते मांडीला पुसले, आणि म्हणाला, "माझ्या घरात दोन चुली आहेत. एक तुझी."

लोदेरच्या बायकोने सगळ्यात धाकट्या पोराला उचललं आणि कोजिंगच्या ओट्यावर चढली. मग खालच्या आळीतल्या बायका आल्या आणि एकेकीने एकेक पोर हाताला धरून नेलं. त्या रात्री खालच्या आळीतल्या एकाही घरात चूल रिकामी राहिली नाही.

यारांग बांधावर गेली. म्हातारी तिथेच बसली होती. दोघींनी ठरवल्याप्रमाणे रडून घेतलं.

पुढच्या दिवसांत खालच्या आळीने आपली बांबूची बेटं मोकळी करून दिली. घरं उभी राहू लागली. पण लोदेर म्हणाला, आधी यारांगचं घर, तिच्या जागी, मग आमचं. कोजिंगही तेच म्हणाला.

यारांग म्हणाली, "तिथे नको."

"का?"

"मी तिथे घर बांधलं कारण मला इकडून तिकडे जाता येत नव्हतं," ती म्हणाली. "आता येतंय ना? मग राहू द्या ती जागा उघडी. मला माझ्या आईच्या जागेवर बांधून द्या."

मग एक दिवस ठरला. दोन्ही आळ्या आल्या. पाण्यात टाकलेले ताजोचे खांब काढले, धुतले आणि म्हातारीच्या जागेवर पुरले. वरच्यांनी छपराचं एक पाखं बांधायचं, खालच्यांनी दुसरं, आणि कुणाचं आधी होतं अशी शर्यत लागली. पण माणसं इतकी जमली होती की एकमेकांच्या पायात येत होती, आणि थट्टामस्करीत वेळही पुष्कळ गेला. सूर्य डोंगराच्या धारेला टेकला तरी छपराचा एक कोपरा उघडाच होता. अर्धवट घर रात्रीवर सोडणं बरं नव्हे. म्हातारीने तोंडावरच्या उन्हाकडे मान वळवली. आपातानी लोक सूर्याला बाई मानतात, आजी म्हणतात. आयो दान्यी. म्हातारी म्हणाली, "आयो दान्यी, तूही म्हातारी, मीही म्हातारी. घटकाभर बस की."

असं म्हणतात की सूर्य बसला. डोंगराच्या धारेवर तसाच बसून राहिला. खाचरं लाल झाली, ती लालच राहिली. पाखरं घरट्यांत जाऊन पुन्हा बाहेर आली. शेवटचा वेत आवळून गाठ मारली, आणि मग अंधार पडला, एकदम, दिवा विझावा तसा.

म्हातारीचे अखेरचे दिवस त्या घरात गेले, आणि पुढे बऱ्याच वर्षांनी यारांगही म्हातारी झाली. हिवाळा सरताना वारा सुटला की ती दोन्ही आळ्यांतून फिरायची. काठीने प्रत्येक ओट्याचा बांबू वाजवायची आणि म्हणायची, "चुली विझवा, माझ्या बायांनो, चुली विझवा." विझवताना कुणी कुरकुर केली तर ती त्याच ओट्यावर बसून राहायची, राख थंड होईपर्यंत. लोदेरचे नातू आणि कोजिंगचे नातू तिला दोन्हीकडून हात धरून फिरवायचे.

ती गेली तेव्हा वाऱ्याचे दिवस होते. न्यिबू, म्हणजे मंत्र म्हणणारा पुजारी, तिच्या आत्म्याला वाट दाखवायला बसला. त्याने सांगितलं की पूर्वजांच्या गावी जाणारी वाट त्याला दिसतेय, पण यारांग त्या वाटेवर नाही. ती अजून आळीतून फिरतेय. वारा पडला की जाईल. वारा पडायला बरेच दिवस लागले. काही जण म्हणतात ती गेली. काही जण म्हणतात, वारा पुन्हा सुटला की येते.

बिरिंग आजही आहे. घरं आजही खेटूनच आहेत, पण पेंढ्याच्या जागी पत्रा आला, खिळे आले, काही घरांना सिमेंटचे खांब आहेत, आणि आत गॅसची शेगडी. मधली जागा मात्र उघडी आहे. तिथे कुणी घर बांधत नाही, कुंपण घालत नाही. जमिनीला भाव आले, तरी नाही. तिला यारांगचं अंगण म्हणतात. दोन्ही आळ्यांनी मिळून तिथे पाइनच्या जाड फळ्यांचा एक लांब ओटा घातला आहे. त्यावर म्हातारे उन्हाला बसतात. एखाद्या फळीला कीड लागली तर वरची आळी खालच्यांच्या बाजूची बदलते आणि खालची वरच्यांच्या बाजूची.

आणि हिवाळा सरताना, ज्या दिवशी वारा जोरात सुटतो, पत्रे खडखडायला लागतात, त्या दिवशी गावातल्या कुठल्यातरी म्हाताऱ्या बाईला सांगावं लागत नाही. ती काठी घेऊन निघते आणि एकेका ओट्यावर वाजवत जाते. घराघरांत चुली विझतात. शेगडीवर भात अर्धा शिजलेला असला तरी सून सिलेंडरचं बटण बंद करते. मग जे काही शिजलेलं असेल ते घेऊन दोन्ही आळ्या अंगणात येतात. थंड भात, सुकवलेले मासे, मिठातली हिरवी मिरची. सगळी माणसं फळ्यांवर दाटीवाटीने बसतात आणि वारा पडेपर्यंत घरात कुणी जेवत नाही. त्या दिवशी वाटेने कुणी परका आला, तर लोक सरकून त्याला जागा करून देतात, आणि पहिला घास त्याच्या पानात वाढतात.